यंत्र ओळख नाकारते तेव्हा



मजसारख्या कामगार चळवळीतल्या माणसाला या व्यासपीठावर बोलावले म्हणजे तो बोनसवर, संपावर किंवा फार तर कंत्राटी कामगारांच्या हालांवर बोलणार, अशी आपली अपेक्षा असणार. विषयाचे नाव वाचून आमच्याच युनियनचे काही सभासद मला म्हणाले, "भाऊ, हा तर कॉम्प्युटरच्या पोरांचा विषय. तुम्ही त्यात कुठे शिरता?" त्यांचे म्हणणे अगदीच खोटे नव्हे. माझे शाळेतले शिक्षण आठवीत संपले. पुढे जे काही शिकलो ते सातपूरच्या कारखान्यात यंत्रावर उभे राहून, कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात ताटकळून, आणि १८४० साली स्थापन झालेल्या आपल्या सार्वजनिक वाचनालयातली पुस्तके घरी नेऊन. परंतु ज्या दारात माझा कामगार अडतो त्या दाराची माहिती करून घेणे, हा माझा धंदाच आहे. पूर्वी ते दार कारखान्याच्या फाटकाचे असे. तेथे पहारेकरी असे, त्याच्याशी भांडता येई. आज ते दार यंत्राच्या पडद्यावर आले आहे. रेशन घ्या, निवृत्तिवेतन घ्या, भविष्यनिर्वाह निधीचा हिशेब पाहा, किंवा आपल्याच कचेरीची दूर ठेवलेली कागदपत्रे उघडा; प्रत्येक ठिकाणी प्रथम एक दूरचे यंत्र आपणांस विचारते, "तू कोण?" आणि आपण उत्तर दिल्यावर कित्येकदा म्हणते, "ओळख पटत नाही." हा नकार आला म्हणजे काय समजावे आणि काय करावे, एवढाच माझ्या आजच्या बोलण्याचा विषय आहे.

हा प्रश्न आपल्या गावाला नवा नाही. रामकुंडावर परगावचा यात्रेकरू येतो, तेव्हा तीर्थोपाध्यायांना तो अनोळखीच असतो. तो आपले गाव सांगतो, आडनाव सांगतो. उपाध्याय वही काढतात आणि त्याच्या आजोबा-पणजोबांनी येथे येऊन केलेली नोंद त्याला वाचून दाखवतात. म्हणजे तीन गोष्टी आल्या : सांगणारा माणूस, आधी लिहून ठेवलेली वही, आणि दोन्ही ताडून पाहणारा. यंत्राच्या ओळखीतही याच तीन गोष्टी असतात, चौथी नसते. फरक एवढाच की, नाव वहीत सापडले नाही म्हणून उपाध्याय यात्रेकरूला खोटा ठरवत नाहीत. ते दुसरा प्रश्न विचारतात. "मूळ गाव कोणते? आजोळ कोठले? घरातले पूर्वी कोण आले होते?" यंत्राजवळ हा दुसरा प्रश्न बहुधा नसतो. तो आपल्यालाच विचारावा लागतो, आणि कोणाला विचारावयाचा हे ठाऊक असावे लागते.

यंत्र माणसाला तीन प्रकारांनी ओळखते. एक, त्याला जे ठाऊक आहे त्यावरून. म्हणजे परवलीचा शब्द, आपला रोजचा पासवर्ड. दुसरा, त्याच्याजवळ जे आहे त्यावरून. पूर्वी गिरणीत पितळी बिल्ला असे, आज खिशातला मोबाइल आणि त्यावर येणारा ओटीपी असतो. तिसरा, त्याच्या अंगावर जे आहे त्यावरून. बोटांचे ठसे, डोळे, चेहरा. पासवर्डाची चाल १९६१ च्या सुमारास अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रशाळेत सुरू झाली, कारण एकच मोठे यंत्र अनेक जणांनी वाटून वापरावयाचे होते. आणि पुढच्याच वर्षी तेथल्या एका संशोधकाने सर्वांच्या पासवर्डांची यादी छापून घेतली! का? तर त्याला आठवड्याला यंत्राचे थोडेच तास मिळत, ते पुरत नसत. म्हणून दुसऱ्याच्या नावाने तो काम करी. कुलूप लागल्याबरोबर त्याला वाट फुटते ती अशी. म्हणून यंत्राने ओळख विचारूच नये, असे मी म्हणत नाही. कामगाराच्या खात्यावर भलताच हात मारू नये, यासाठी कुलूप हवेच. माझी तक्रार कुलुपाबद्दल नाही. किल्ली फिरली नाही की आपण जे पहिले वाक्य बोलतो, त्याबद्दल आहे.

ते वाक्य मी स्वतः बोललेलो आहे, म्हणून आधी माझीच कथा सांगतो.

आमच्या युनियनची मुख्य कचेरी सातपुरात, आणि एक लहान कचेरी सिन्नरला. सभासदांची नोंद, कोणाची नोकरी किती वर्षांची, कोणाची ग्रॅच्युइटी अडकली, हे सर्व पूर्वी रजिस्टरांत असे. काही वर्षांपूर्वी ते भाड्याने घेतलेल्या एका दूरच्या यंत्रावर ठेवले. त्या यंत्राचा कारभार लिनक्स या व्यवस्थेवर चालतो. सातपूरच्या कचेरीत विंडोज. सिन्नरला एका हितचिंतकाने दिलेला जुना संगणक, त्यावर जुने विंडोज. आणि आमच्या एका कार्यकर्त्याचा मुलगा आपल्या घरून मॅक वापरून काम करी. हे सांभाळावयाला एक तरुण मुलगा ठेवला होता. त्याचा पगार कमी होता, हे मला ठाऊक होते. त्याने वाढ मागितली होती आणि मी, जन्मभर दुसऱ्यांसाठी वाढ मागणारा माणूस, "पुढच्या महिन्यात पाहू" असे म्हणत होतो.

एका बंद पडलेल्या कारखान्याच्या कामगारांच्या नुकसानभरपाईची सुनावणी होती. आदल्या संध्याकाळी सभासदांच्या नोकरीच्या वर्षांची यादी काढावयास बसलो, तर यंत्र म्हणाले, परवानगी नाही. पुन्हा पासवर्ड घातला. परवानगी नाही. दहा वेळा घातला. दहाही वेळा तेच. कचेरीत पंधरा-वीस कामगार बसलेले. मी त्या मुलाकडे पाहिले आणि सर्वांदेखत म्हणालो, "वाढ मिळाली नाही म्हणून कुलूप बदललेस काय रे?"

तो काही बोलला नाही. त्याचा चेहरा उतरला, एवढे मी पाहिले आणि तेच मी पुराव्यात धरले. मग त्याने एक पाठकोरा कागद घेतला आणि त्यावर सहा प्रश्न लिहून माझ्यापुढे ठेवले. म्हणाला, "भाऊ, आधी हे पाहू. मग मला काय म्हणायचे ते म्हणा." तो कागद मी जपून ठेवला आहे. ते सहा प्रश्न आपणांसही उपयोगी पडतील, म्हणून क्रमाने सांगतो.

पहिला प्रश्न : नकार आला, की उत्तरच आले नाही? या दोहोंत मोठे अंतर आहे. दार ठोठावले आणि आतून काहीच आवाज नाही, तर घर चुकले असेल, वाट बंद असेल, वीज गेली असेल. तेथे पासवर्ड बदलून काही उपयोग नाही. परंतु आतून "तू नव्हेस" असा आवाज आला, तर एक गोष्ट सिद्ध झाली की वाट नीट आहे आणि आत कोणी जागे आहे. आमच्याकडे नकार येत होता. म्हणजे तार शाबूत होती.

दुसरा प्रश्न : नाव तेच दिले आहे काय? येथे प्रत्येक व्यवस्थेचा रिवाज निराळा. विंडोजला वापरणाऱ्याचे नाव मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहा की लहान, दोन्ही सारखेच. लिनक्सला तसे नाही. तेथे मोठ्या अक्षराने सुरू होणारे नाव हा निराळा माणूस. शिवाय विंडोजच्या मोठ्या कचेऱ्यांत नावाबरोबर घराणेही सांगावे लागते. हे खाते या एकाच यंत्रावरचे, की साऱ्या संस्थेचे? पाटलांच्या वाड्यातला गणपत आणि शिंद्यांच्या वाड्यातला गणपत हे दोघे जसे निराळे, तसेच हे. रिवाज बदलला की खरा माणूसही परका ठरतो.

तिसरा प्रश्न : जो शब्द आपण टाइप केला असे वाटते, तोच पोहोचला काय? पडद्यावर ठिपके दिसतात, अक्षरे दिसत नाहीत. मोठ्या अक्षरांची कळ दाबलेली राहिली असेल. कळफलक मराठीवर असेल. इंग्रजीतही अमेरिकेचा कळफलक आणि ब्रिटनचा कळफलक यांत काही चिन्हांच्या जागा उलटसुलट आहेत. उपाय सोपा : जेथे अक्षरे दिसतात अशा कोऱ्या पानावर तो शब्द एकदा लिहून पाहावा, आणि लगेच पुसावा. आणखी एक फसगत आहे. घरच्या विंडोज यंत्रावर आपण रोज चार आकडी पिन घालतो आणि तोच आपला पासवर्ड असे समजतो. तो पिन त्या एका यंत्रापुरता असतो. दुरून त्याच यंत्रात शिरू लागलात तर तो चालत नाही. तेथे खात्याचा खरा पासवर्ड लागतो, आणि तो वर्षानुवर्षे न वापरल्याने आपण विसरलेले असतो.

चौथा प्रश्न : किल्ली कशी आहे? पासवर्ड तारेवरून उघडा जाई, तेव्हा वाटेत तो कोणीही वाचू शके. अशा चोरीनंतरच फिनलंडमधील हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठातल्या एका संशोधकाने १९९५ साली सुरक्षित प्रवेशाची एक पद्धत काढली. तिला एसएसएच म्हणतात आणि ती आज जगभर चालते. तिच्यात पासवर्डाऐवजी दोन जुळ्या किल्ल्या ठेवता येतात, एक आपल्याकडे आणि एक दूरच्या यंत्रावर. ही पद्धत मोठी शिस्तीची आहे. आपली किल्ली ज्या कप्प्यात आहे तो इतरांना उघडता येत असेल, तर ती किल्ली खरी असूनही ती वापरावयाचे नाकारते. सांभाळली नाही ती किल्ली कसली, असा तिचा न्याय. विंडोजवरून उचलून लिनक्सवर ठेवलेल्या किल्लीला हा अडथळा हमखास येतो, कारण दोन्हीकडे परवानग्या लिहिण्याची रीत वेगळी. किल्ली फार जुन्या घडणीची असली तरी नकार येतो. २०२१ च्या सप्टेंबरात या पद्धतीच्या नव्या आवृत्तीने सह्यांची एक जुनी रीत बंद केली, आणि काल चालणाऱ्या कित्येक जोडण्या बंद पडल्या. २०१८ च्या मे महिन्यात विंडोजच्या बाबतीतही असेच घडले होते. एका धोक्यावर दुरुस्ती आली. ज्यांनी आपले यंत्र सुधारले त्यांना न सुधारलेल्या दूरच्या यंत्रात शिरता येईना. पडद्यावर मात्र ओळख पटविण्यात चूक झाली, असे दिसे. चूक माणसाची नव्हती. एका टोकाला नवा कायदा लागू झाला होता आणि दुसऱ्या टोकाला जुनाच चालू होता.

पाचवा प्रश्न : दोन्हीकडची घड्याळे जुळतात काय? हे ऐकून मला हसू आले होते. परंतु मोठ्या कचेऱ्यांत जी ओळखपद्धती चालते, जिला ग्रीक पुराणातल्या तीन डोक्यांच्या कुत्र्याचे नाव दिले आहे, ती दोन घड्याळांत साधारणपणे पाच मिनिटांपर्यंतचाच फरक सहन करते. कारण जुनी चिठ्ठी चोरून कोणी पुन्हा दाखवू नये. मोबाइलवर दर तीस सेकंदांनी बदलणारे जे आकडे काहींनी पाहिले असतील, तेही घड्याळावरच चालतात. जुन्या संगणकातली लहानशी बॅटरी संपली की त्याचे घड्याळ मागे जाते आणि मालकच चोर ठरतो. गिरणीचा भोंगा झाल्यावर पाच मिनिटांनी आलेल्याला फाटकावरून परत पाठवीत. त्यातलाच हा प्रकार.

सहावा प्रश्न : आतल्या वहीत काय लिहिले आहे? मित्रहो, सहांतला हा सर्वांत महत्त्वाचा. दारात यंत्र मुद्दाम मोघम बोलते. नाव चुकले की शब्द चुकला, हे ते सांगत नाही. सांगितले तर चोराला अर्धी माहिती मिळेल. पण खरे कारण ते आत आपल्या वहीत लिहून ठेवते. लिनक्समध्ये अशी वही असते, विंडोजमध्येही असते. विंडोजच्या वहीत फसलेल्या प्रवेशाची नोंद ४६२५ या क्रमांकाखाली होते आणि तिच्यात कारणही असते. ती वही दारात उभ्या असलेल्या माणसाला दिसत नाही. ज्याच्याकडे आतला अधिकार आहे त्यालाच ती उघडता येते.

त्या मुलाने जागा भाड्याने देणाऱ्यांशी बोलून दुसऱ्या वाटेने ती वही उघडली. त्यात काय निघाले? दर पाच मिनिटांनी सिन्नरच्या कचेरीतून एक हाक येत होती, जुना पासवर्ड घेऊन. तेथला जुना संगणक आपल्या आठवणीतला शब्द पुन्हापुन्हा देत होता. लागोपाठ चुकीचे शब्द आले की दूरचे यंत्र ते खाते काही वेळ बंद करी. त्या वेळात मी सातपुरातून बरोबर शब्द घातला तरी नकारच. खातेच बंद होते. थोड्या वेळाने ते उघडे, तोच सिन्नरची हाक पुन्हा येई.

मग मुलाने कागदावर नसलेला सातवा प्रश्न विचारला, अगदी हळू आवाजात. "भाऊ, मागच्या वेळी चालले त्यानंतर काय बदलले?"

बदलले होते ते मीच बदलविले होते. आठवड्यापूर्वी एका सभेत कोणी सुरक्षिततेवर बोलले, म्हणून मी त्याला पासवर्ड बदलावयास लावला होता. सिन्नरला कळवितो, असे म्हणालो होतो, आणि कळविले नव्हते. सिन्नरच्या कार्यकर्त्याला फोन करून तो संगणक बंद करविला. दहा-पंधरा मिनिटांत दार उघडले, यादी निघाली. सुनावणीचे काम झाले. पण पंधरा-वीस माणसांसमोर मी बोललेले वाक्य परत घेण्यास पंधरा मिनिटे पुरली नाहीत. पुढच्या बैठकीत त्याच माणसांसमोर मी त्याची क्षमा मागितली आणि त्याची वाढ मंजूर करून घेतली. तो आज दुसरीकडे चांगल्या कामावर आहे. आमच्याकडे आता नियम आहे : नकार आला की प्रथम त्या कागदाची प्रत काढावयाची, आणि सातही प्रश्न संपेपर्यंत कोणा माणसाचे नाव घ्यावयाचे नाही.

आपण म्हणाल, हे कचेरीतले प्रकरण झाले. आम्हां सर्वसाधारण माणसांचा यात काय संबंध? संबंध आहे, आणि तो हातांवरच लिहिला आहे.

आमचे एक जुने सभासद आहेत. तीस वर्षे फाउंड्रीत मोल्डर होते. वाळू, उष्णता, पुन्हा वाळू. निवृत्तीनंतर दरवर्षी हयातीचा दाखला द्यावयाचा. तो यंत्रावर बोट ठेवून देता यावा म्हणून केंद्र सरकारने नोव्हेंबर २०१४ मध्ये 'जीवन प्रमाण' योजना सुरू केली. सोय चांगली. हे गृहस्थ एका केंद्रावर गेले. बोट ठेवले, जुळले नाही. दुसऱ्या दिवशी गेले, जुळले नाही. कोणी सांगितले म्हणून लिंबू चोळले, कोणी सांगितले म्हणून रॉकेलने हात धुतले. चौथ्या खेपेला केंद्रावरचा माणूस चारचौघांत म्हणाला, "बाबा, तुमचेच आधार आहे ना हे?" तेथून ते सरळ आमच्या कचेरीत आले. बाकावर बसले आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. मला म्हणाले, "भाऊ, कधी कोणाचे पाच पैसे बुडवले नाहीत. आणि हातच माझे खोटे निघाले."

मी त्या वेळी काय आठवले असेन, हे सांगावयास नको. त्या केंद्रावरच्या माणसाचे वाक्य आणि मी त्या मुलाला बोललेले वाक्य, ही एकच होती.

हात खोटे नव्हते. ठसा म्हणजे कातडीवरच्या बारीक उंचवट्यांच्या रेघा. वाळूने, सिमेंटने, वर्षानुवर्षांच्या घासण्याने त्या झिजतात. वयाबरोबर कातडी कोरडी होते आणि रेघा उथळ होतात. आपल्या जिल्ह्यात फाउंड्रीचे कामगार आहेत, सिन्नरच्या विडी वळणाऱ्या बाया आहेत, द्राक्षबागांतले मजूर आहेत, गवंडी आहेत. ज्यांचे हात सर्वांत जास्त राबले, त्यांचेच हात यंत्राला वाचता येत नाहीत. आणि यंत्राचा स्वभावच असा की त्याला दोन प्रकारच्या चुका होतात : परक्याला आपला म्हणणे आणि आपल्याला परका म्हणणे. कुलूप कडक केले की पहिली चूक कमी होते आणि दुसरी वाढते. सैल केले की उलट. कोठे थांबावयाचे हे यंत्र ठरवीत नाही, माणूस ठरवतो. आणि ठरविणारा माणूस बहुधा तो नसतो, ज्याला दारातून परत जावे लागते.

आधार क्रमांकाचे देशातले पहिले वाटप २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच नाशिक विभागात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली या आदिवासी गावात झाले. ज्याला कागद नाही त्यालाही ओळख मिळावी, हा त्यामागचा सांगितलेला हेतू होता, आणि तो थोर होता. पुढे सर्वोच्च न्यायालयातल्या खटल्यात, मार्च २०१८ मध्ये, आधारच्या प्राधिकरणाने स्वतःच जी माहिती मांडली, तिच्यात सरकारी सेवांच्या बाबतीत ओळख पटण्याचे प्रमाण ८८ टक्के होते. उरलेला प्रत्येक नकार म्हणजे एक उपाशी घर, असे मी म्हणणार नाही. दुसऱ्या बोटाने, दुसऱ्या दिवशी पुष्कळांचे काम होते. परंतु जो दुसऱ्या दिवशी येतो तो एक दिवसाची मजुरी बुडवून येतो, हेही हिशेबात धरा. त्या खटल्याच्या २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात बहुमताने कायदा उचलून धरला. पण ओळख पटली नाही म्हणून पात्र माणसाला लाभ नाकारला जाऊ नये आणि दुसऱ्या मार्गाने ओळख देण्याची तरतूद नियमांत असावी, असेही त्यात म्हटले. म्हणजे उपाध्यायांचा दुसरा प्रश्न देशाच्या न्यायालयानेही मान्य केला आहे. तो दुकानाच्या फळीपर्यंत पोहोचविणे एवढेच आपले काम राहिले.

त्या मोल्डरबाबांसोबत आम्ही तोच कागद काढला. नकार की उत्तरच नाही? नकार होता. तेव्हा कारणाचा क्रमांक विचारला. आधारच्या यंत्रात प्रत्येक नकाराला क्रमांक असतो : ३०० म्हणजे ठसा जुळला नाही, ३३० म्हणजे ठशांची ओळख मालकानेच कुलूपबंद करून ठेवली आहे. दोहोंचे उपाय अगदी भिन्न. पहिल्याला बोट बदलावे, हात कोमट पाण्याने धुऊन कोरडे करावे, यंत्राची काच पुसावी, आणि शेवटी आधार केंद्रावर जाऊन ठसे नव्याने नोंदवावे. दुसऱ्याला हे सारे करून काहीच उपयोग नाही. कुलूप काढावे लागते. क्रमांक न विचारता लिंबू चोळीत बसणे म्हणजे पायाला लागले असता डोक्याला पट्टी बांधणे. बाबांचा क्रमांक ३०० होता. दहाही बोटे पाहिली. एकही नीट लागेना. तेव्हा नोव्हेंबर २०२१ पासून निवृत्तिवेतनधारकांसाठी सुरू झालेली चेहऱ्यावरून ओळख पटविण्याची सोय वापरली. त्यांच्या नातीने मोबाइल धरला, खिडकीकडे तोंड करून त्यांना बसविले, आणि दाखला गेला.

आता एक इशारा. नकाराने माणूस गांजतो, आणि गांजलेला माणूस दोन चुका करतो. पहिली, तो कुलूपच काढून टाकतो. किल्ली चालत नाही म्हणून सर्वांना सर्व परवानग्या देऊन टाकावयाच्या, पासवर्ड भिंतीवर लिहून ठेवावयाचा, दूरच्या यंत्राने "मी बदललो आहे" असे बजावले तरी न पाहता होकार द्यावयाचा. ते बजावणे कित्येकदा निरुपद्रवी असते, यंत्र नव्याने मांडलेले असते. पण मध्येच कोणी तोतया बसला असला तरीही ते तसेच दिसते. म्हणून फोन करून विचारावे. दुसरी चूक याहून घातक. अडलेल्या माणसाला गाठून कोणी गोड आवाजात म्हणतो, "काका, मी दुरुस्त करून देतो, आलेला ओटीपी तेवढा सांगा," किंवा "एवढे एक ॲप टाका, मी येथूनच पाहतो." त्या ॲपने आपला पडदा त्याच्या हातात जातो. ओटीपी हा आपला बिल्ला आहे. गिरणीत कोणी आपला बिल्ला रस्त्यावरच्या माणसाच्या हाती देत नसे. आणि अडलो म्हणून देत तर मुळीच नसे.

शेवटी कामगार संघटनेच्या रीतीप्रमाणे मागण्या मांडतो. तीनच आहेत. पहिली : जेथे यंत्र ओळख नाकारील तेथे कारण क्रमांकासह लेखी द्यावे, "जमत नाही" हे उत्तर नव्हे. दुसरी : दुसरा मार्ग त्याच दारात, त्याच दिवशी असावा, तालुक्याला जा, पुढच्या आठवड्यात या, असा नसावा. तिसरी : आतली वही उघडण्याचा ज्याला अधिकार आहे अशा माणसाचे पद आणि फोन दारावर लिहिलेला असावा. या मागण्या सरकारपुरत्या नाहीत. या सभेत कारखानदार असतील, शाळांचे चालक असतील, पतपेढ्यांचे संचालक असतील. आपापल्या कचेरीत त्या उद्यापासून लागू करता येतील. खर्च फारसा नाही. माझ्या कचेरीत एका पाठकोऱ्या कागदाचा झाला.

आणि आपण सर्वांनी एक करावे. आपल्या समोर एखाद्याला यंत्राने नाकारले, तर त्याच्या तोंडाकडे पाहण्याआधी घड्याळाकडे, कळफलकाकडे, तारेकडे आणि वहीकडे पाहावे. ते मोल्डरबाबा परवा पुन्हा दाखला द्यावयास आमच्याच कचेरीत आले होते. सोबत शेजारचे दोघे म्हातारे आणले होते. यंत्रासमोर कसे बसावयाचे, प्रकाश कोणीकडून घ्यावयाचा आणि नाकारले तर कोणता क्रमांक विचारावयाचा, हे ते त्यांना समजावून सांगत होते, आणि सांगताना हात उघडेच होते.